एका संख्येच्या सहवासात

४२९४९६७२९७.

आधी नुसती पाहा. वाचायची तर चार अब्ज, एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार, दोनशे सत्त्याण्णव. शेवटचा अंक ७, म्हणजे २ आणि ५ यांचा प्रश्नच मिटला. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ नेही भाग जात नाही. एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा २१ आणि ३८, त्यांतला फरक १७, म्हणून ११ सुद्धा बाद. शाळेत शिकलेल्या कसोट्या इथे संपतात. या संख्येला कोणी भागतं की नाही, याचा तिच्या चेहऱ्यावर काहीही पत्ता लागत नाही.

मोठ्या संख्यांविषयी बोलणं निघालं की बहुधा त्यांच्या मोठेपणाविषयीच बोललं जातं. इतक्या सेकंदांची किती वर्षं होतील, इतकी नाणी एकावर एक रचली तर कुठवर पोचतील, वगैरे. मला यात कधीच रस वाटला नाही. मोठं असणं हा संख्येचा अगदी वरवरचा गुण आहे. कुठल्याही संख्येत १ मिळवला की तिच्याहून मोठी संख्या मिळतेच. मला ओढ लागते ती तिच्या आत काय आहे याची: ती कशी घडली, कोणाशी तिचं नातं आहे, आणि ती फुटते का. वरची संख्या या बाबतीत इतकी श्रीमंत आहे की मी पुन्हापुन्हा कागद-पेन्सिल घेऊन तिच्याकडे जातो. उत्तर माहीत असतं, संगणक तर ते पापणी लवायच्या आत देतो. तरीही हाताने करण्यात जे दिसतं ते उत्तरात दिसत नाही.

तिची घडण अगदी साधी आहे. २ घ्या. वर्ग करा, ४. पुन्हा वर्ग, १६. मग २५६, मग ६५५३६, मग ४२९४९६७२९६. आता या प्रत्येकात १ मिळवा: ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि आपली ४२९४९६७२९७. म्हणजे ती २ चा ३२ वा घात अधिक १ आहे. सगळे वर्ग १६ पासून पुढे ६ वरच संपतात, कारण ६ चा वर्ग ६ वरच संपतो. म्हणून या रांगेतल्या १७ पासूनच्या सगळ्या संख्यांचा शेवट ७ ने होतो, मग त्या कितीही लांब असोत.

पिएर द फर्मा या फ्रेंच न्यायाधीशाने १६४० मध्ये आपल्या पत्रांतून ही रांग मांडली. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ संख्या आहेत. त्या १ आणि स्वतः सोडून कोणाच्याही पाढ्यात येत नाहीत. फर्माला खात्री वाटत होती की ही रांग अशीच चालणार, तिच्यातली प्रत्येक संख्या मूळच निघणार. आपल्याकडे सिद्धता नाही हेही त्याने स्वच्छ लिहिलं होतं. आपली संख्या या रांगेतली सहावी, पण मोजणी शून्यापासून करायची प्रथा असल्यामुळे तिला पाचवी फर्मा संख्या म्हणतात. फर्माचा विश्वास तिच्याच दारात अडखळायचा होता, पण ते कळायला जवळजवळ शंभर वर्षं जावी लागली.

फर्माच्या बाजूने विचार करून पाहावा. ही संख्या मूळ आहे हे सरळ भागाकारांनी ठरवायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५५३६ पर्यंत, प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावं लागतं. अशा मूळ संख्या ६५४२ आहेत. हाताने करायचं तर हे काम कोणाचंही धैर्य खचवणारं. पण तिचा पहिला विभाजक या यादीत ११६ व्या जागीच बसला आहे. चिकाटीने बसलेला माणूस काही दिवसांत तिथे पोचला असता. फर्मा पोचला नाही.

तिच्या शेजाऱ्यांना भेटल्याशिवाय पुढे जाववत नाही. एक पाऊल मागे ४२९४९६७२९६, म्हणजे २ चा ३२ वा घात. ३२ बिटांत जितक्या वेगवेगळ्या संख्या लिहिता येतात तितका हा आकडा, म्हणून संगणकाशी काम असणाऱ्यांना तो तोंडपाठ असतो. इंटरनेटच्या पत्त्यांची जी चौथी आवृत्ती अजून सर्वत्र वापरात आहे, तिच्यात एकूण पत्ते इतकेच. या संख्येच्या पोटात २ शिवाय दुसरी कोणतीही मूळ संख्या नाही.

आणखी एक पाऊल मागे ४२९४९६७२९५, आणि इथे मात्र थांबावं. ही संख्या म्हणजे ६५५३६ चा वर्ग वजा १. वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र लावलं की ती ६५५३५ गुणिले ६५५३७ होते. ६५५३५ म्हणजे २५६ चा वर्ग वजा १, म्हणून २५५ गुणिले २५७. २५५ म्हणजे १५ गुणिले १७, आणि १५ म्हणजे ३ गुणिले ५. सगळं उलगडलं की हाती येतं: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. रांगेतल्या आधीच्या पाचही संख्या, प्रत्येकी एकदा, दुसरं काहीच नाही. आपली संख्या म्हणजे तिच्या सगळ्या पूर्वजांचा गुणाकार अधिक २.

यातून एक मोठी गोष्ट हाती लागते. एखादी मूळ संख्या आपल्या संख्येलाही भागते आणि तिच्या एखाद्या पूर्वजालाही भागते असं समजू. मग तिने उरलेल्या २ लाही भागलं पाहिजे. पण या संख्या तर सगळ्या विषम! म्हणजे रांगेतल्या कुठल्याही दोन संख्यांना सामाईक विभाजक असूच शकत नाही. रांगेतली प्रत्येक नवी संख्या, मूळ असो वा नसो, किमान एक कोरी मूळ संख्या घेऊन येते. रांगेला अंत नाही, म्हणून मूळ संख्यांनाही अंत नाही. हा युक्तिवाद ख्रिस्तियान गोल्डबाख या गणितज्ञाने १७३० मध्ये गणितज्ञ ऑयलरला लिहिलेल्या पत्रात येतो. मूळ संख्या अनंत आहेत याची युक्लिडची सिद्धता सर्वांना माहीत असते. मला गोल्डबाखची अधिक जवळची वाटते, कारण तिच्यात प्रत्येक नव्या मूळ संख्येला राहायला जागा ठरवून दिलेली आहे.

४२९४९६७२९५ या शेजारणीला भूमितीतही मान आहे. १७९६ मध्ये, वयाची एकोणीस वर्षं पूर्ण होण्याआधी, कार्ल फ्रीडरिश गाउसने दाखवलं की पट्टी आणि कंपास एवढ्यांवर १७ समान बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. युक्लिडच्या काळापासून कोणाला असं काही शक्य असेल असं वाटलंच नव्हतं. पुढे नियमच सापडला: बाजूंची विषम संख्या वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांच्या गुणाकारातून आलेली असेल तरच असा बहुभुज काढता येतो. त्यातला ‘तरच’ हा भाग १८३७ मध्ये वांत्झेलने सिद्ध केला. आज आपल्याला माहीत असलेल्या मूळ फर्मा संख्या पाचच आहेत. म्हणून विषम बाजूंचा सर्वांत मोठा ज्ञात असा बहुभुज ४२९४९६७२९५ बाजूंचा. योहान हेर्मेस या जर्मन शिक्षकाने ६५५३७ बाजूंच्या बहुभुजाच्या रचनेसाठी दहा वर्षं घालवली, त्याचं हस्तलिखित ग्योटिंगनच्या विद्यापीठात जपून ठेवलेलं आहे. काहींना हे श्रम वाया गेले असं वाटतं. मला वाटत नाही. करता येतं हे माहीत असणं आणि शेवटच्या पायरीपर्यंत करून पाहणं यांत अंतर आहे, आणि ते कापायला कोणीतरी निघालं याचं मला समाधान वाटतं.

आपली संख्या मूळ असती, तर तितक्या बाजूंचा बहुभुजही पट्टी-कंपासाने काढता आला असता. तसं घडायचं नव्हतं.

१ डिसेंबर १७२९ च्या पत्रात गोल्डबाखने लेओनार्ड ऑयलरला सहज विचारलं, फर्माचं हे निरीक्षण तुम्हाला माहीत आहे का? ऑयलर तेव्हा बावीस वर्षांचा, सेंट पीटर्सबर्गला. सुरुवातीला त्याने फारसं लक्ष दिलं नाही. पण प्रश्न मनात रुजला असावा, कारण १७३२ मध्ये त्याने जाहीर केलं: ४२९४९६७२९७ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. भागाकार ६७००४१७.

६४१ त्याला सापडला कसा, हे त्याने तेव्हा सांगितलं नाही, नंतरच्या लेखात उलगडलं. मला या सगळ्या कथेतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

समजा ‘प’ ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. मग २ च्या ३२ व्या घाताला ‘प’ ने भागलं तर बाकी ‘प’ पेक्षा एकने कमी येणार, म्हणजेच बाक्यांच्या हिशेबात उणे १. त्याचा वर्ग केला की ६४ वा घात होतो, आणि बाकी १. म्हणजे २, ४, ८, १६ असे दुपटीने जात राहिलो आणि दर पावलाला ‘प’ ने भागून बाकी पाहिली, तर ६४ व्या पावलाला ती १ वर येते. त्याआधी येऊ शकते का? तशी आली असती तर ६४ ला भागणाऱ्या एखाद्या लहान पावलावर आली असती, म्हणजे १, २, ४, ८, १६ किंवा ३२ वर. आणि मग ३२ व्या पावलालाही १ च यायला हवी होती. पण तिथे तर उणे १ आहे. म्हणून चक्र बरोबर ६४ पावलांचं. आता फर्माचंच एक प्रमेय असं सांगतं की मूळ संख्या ‘प’ असेल तर ‘प’ वजा १ व्या पावलाला बाकी १ येतेच. दोन्ही जुळायचं तर ‘प’ वजा १ ही संख्या ६४ च्या पाढ्यात असली पाहिजे.

आता ६५४२ मूळ संख्या चाळायची गरजच उरली नाही. ६४ च्या पाढ्यात १ मिळवत चला: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या प्रयत्नाला दार उघडतं. खरं तर चौथ्याच, कारण २५७ ही रांगेतलीच पूर्वज, ती भागणार नाही हे आधीच ठरलेलं आहे. पुढे १८७८ मध्ये एदुआर ल्युकाने दाखवलं की ६४ च्या जागी १२८ घेतलं तरी चालतं. मग उरतात २५७ आणि ६४१, एवढेच.

विलक्षण गोष्ट अशी की ज्या प्रमेयाने हे साधलं तेही फर्माचं, आणि तेही १६४० चंच. कुलूप आणि किल्ली एकाच माणसाच्या एकाच वर्षाच्या पत्रव्यवहारात होती.

६४१ चा भाग जातो हे तपासायला मोठी संख्या कागदावर मांडावीही लागत नाही. वर्ग करायचे आणि दर वेळी ६४१ ने भागून बाकी ठेवायची. २, ४, १६, २५६. पुढचा वर्ग ६५५३६. त्यातून ६४१ च्या १०२ पटी, म्हणजे ६५३८२, वजा केल्या की उरतात १५४. त्याचा वर्ग २३७१६. त्यातून ६४१ च्या ३६ पटी, म्हणजे २३०७६, काढल्या की उरतात ६४०. झालं! २ च्या ३२ व्या घाताची बाकी ६४०, तिच्यात १ मिळवला की ६४१, म्हणजेच शून्य. पाच वर्ग, दोन वजाबाक्या. दहा अंकी संख्या फुटली आणि आपण पाच अंकांच्या पलीकडे गेलोही नाही. कोणीही हे करून पाहावं. वाचून जे पटतं त्याहून शेवटचे ६४० स्वतःच्या हाताने येताना बघणं फार वेगळं आहे.

याची आणखी एक सिद्धता पुस्तकांत हमखास भेटते. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १, आणि ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६ सुद्धा. २ चा ३२ वा घात म्हणजे १६ गुणिले २ चा २८ वा घात. ६४१ च्या हिशेबात १६ आणि उणे ६२५ एकच. ६२५ हा ५ चा चौथा घात, २ चा २८ वा घात हा १२८ चा चौथा घात, दोन्ही मिळून ६४० चा चौथा घात. ६४० म्हणजे उणे १, त्याचा चौथा घात १, आणि बाहेरचं उणे चिन्ह तसंच राहतं. दोन ओळींत काम संपतं. ही सिद्धता सुंदर आहे यात वाद नाही. तरी मी ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. ६४१ आधी कोणीतरी हातात दिल्याशिवाय ती सुरूच होत नाही. ऑयलरची वाट अंधारातून ६४१ पर्यंत नेते.

माझी सर्वांत आवडती वाट मात्र तिसरी आहे.

आपली संख्या म्हणजे ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. हे तिच्या घडणीतच आहे. पण ती आणखी एका प्रकारे दोन वर्गांची बेरीज होते: ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग. गुणाकार करून पाहा, ३८७६८०५६९६ अधिक ४१८१६१६०१, उत्तर चोख येतं. (२०४४९ स्वतः १४३ चा वर्ग आहे, हा वरचा प्रसाद.) फर्माला ठाऊक होतं आणि ऑयलरने नंतर सिद्ध केलं की मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असेल तर ती एकाच प्रकारे असते. इथे दोन प्रकार मिळाले. म्हणजे संख्या मूळ नाही, विषय संपला. अजून एकही विभाजक आपल्याला कळलेला नाही, तरीही ती फुटते याबद्दल तिळमात्र शंका उरत नाही.

हे दोन प्रकार आले कुठून, ते पाहताना मी खरोखर आनंदून गेलो. ६४१ म्हणजे २५ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग. ६७००४१७ म्हणजे २५५६ चा वर्ग अधिक ४०९ चा वर्ग. दोन वर्गांच्या अशा दोन बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज होतो, आणि तेही दोन रीतींनी. हे सूत्र ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ मध्ये आणखी व्यापक रूपात दिलेलं आहे. ते इथे लावू. २५ गुणिले २५५६ म्हणजे ६३९००. ४ गुणिले ४०९ म्हणजे १६३६. बेरीज केली तर ६५५३६, वजाबाकी केली तर ६२२६४. दुसरी जोडी: २५ गुणिले ४०९ म्हणजे १०२२५, ४ गुणिले २५५६ म्हणजे १०२२४. बेरीज २०४४९. वजाबाकी १.

तो १! रांगेतल्या प्रत्येक संख्येच्या शेपटीला जो ‘अधिक १’ आहे, तो या संख्येत १०२२५ आणि १०२२४ यांच्या निसटत्या फरकातून आलेला आहे. बाहेरून पाहताना ‘वर्ग करा आणि १ मिळवा’ इतकी साधी कृती, आणि आतून पाहिलं तर दोन परक्या मूळ संख्यांचे चार आकडे एकमेकांशी इतके नेमके जुळलेले की फरक फक्त १ चा. मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत राहिलो होतो. संख्येचं सौंदर्य म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी या दोन ओळी दाखवीन.

६७००४१७ ही पुढे फुटत नाही, हे ठरवणंही सोपं आहे. तिचा विभाजक १२८ च्या पाढ्याहून एकने मोठा हवा आणि तिच्या वर्गमुळाच्या, म्हणजे साधारण २५८८ च्या, आत हवा. २५७ तर आधीच बाद. उरतात ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२. चार भागाकारांत एका सात अंकी संख्येला मूळ असल्याचा निर्वाळा मिळतो.

आता चौथी वाट, जी फर्माला खुली होती आणि तरी राहून गेली. त्याच्या प्रमेयाचा उपयोग उलट बाजूनेही होतो. एखादी संख्या ‘न’ मूळ असेल तर तिने भाग न जाणारी कोणतीही संख्या घ्या, तिचा ‘न’ वजा १ वा घात काढा, ‘न’ ने भागा, बाकी १ आली पाहिजे. नाही आली तर ‘न’ मूळ नाही. आधी २ घेऊन पाहावंसं वाटतं. २ चा ३२ वा घात उणे १, ६४ वा घात १, आणि तिथून पुढे कितीही वेळा वर्ग केला तरी १ च. म्हणजे २ ची कसोटी आपली संख्या अगदी सहज पार करते. इतकंच काय, रांगेतली प्रत्येक संख्या, मूळ असो वा नसो, २ च्या कसोटीला उतरते. ज्या २ पासून ही घडली त्याला विचारून तिचं खरं रूप कळत नाही.

मग ३ ला विचारायचं. ३ चा वर्ग, त्याचा वर्ग, असे एकूण ३२ वर्ग, दर वेळी ४२९४९६७२९७ ने भागून बाकी. दहा अंकी संख्यांचे ३२ वर्ग हे हाताने वेळ खाणारं काम आहे, पण फर्मासारख्या माणसाच्या आवाक्यातलं. शेवटी १ यायला हवा होता. येतात ३०२९०२६१६०. एवढ्यावर निकाल लागतो. या संख्येत ६४१ चा मागमूस नाही, ६७००४१७ चाही नाही. ती फुटते, हे तिने सांगितलं. कुठे फुटते, हे मात्र सांगितलं नाही.

मूळ नसणं कळणं आणि तुकडे हाती येणं, या दोन ज्ञानांत केवढी दरी आहे हे मला या संख्येने शिकवलं. आपण सहसा धरून चालतो की एखादी गोष्ट तुटते हे माहीत असलं की ती कुठे तुटते हे शोधणं नुसतं कष्टाचं काम. तसं नाही. १८७७ मध्ये पेपाँ या गणितज्ञाने फर्मा संख्यांसाठी एक पक्की कसोटी दिली. ३ घेऊन अशीच वर्गांची माळ चालवायची, एक वर्ग कमी करून थांबायचं आणि बाकी उणे १ आली का ते बघायचं. आली तर संख्या नक्की मूळ, नाही तर नक्की संयुक्त. आपल्या संख्येची तिथली बाकी येते १०३२४३०३. निकाल शंभर टक्के खात्रीचा, आणि विभाजकांबद्दल अवाक्षर नाही.

रांगेत पुढे गेलं की ही दरी रुंदावत जाते. पुढची संख्या १८४४६७४४०७३७०९५५१६१७. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असं करत चौसष्ट घरं भरली की जितके दाणे होतात, त्यांत २ मिळवा, ही संख्या तयार. आणि पूर्वजांचा नियम इथेही लागू, म्हणून पटावरचे दाणे म्हणजे ३, ५, १७, २५७, ६५५३७, ६४१ आणि ६७००४१७ यांचा गुणाकार. ती गोष्ट ऐकताना त्या ढिगात ६४१ बसलेला असेल असं कोणाच्या मनात येतं! ही वीस अंकी संख्या १८८० मध्ये वयाची ऐंशी ओलांडलेल्या लाँद्रीने फोडली: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. त्याच्या पुढची ३९ अंकी. ती मूळ नाही हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कळलं होतं, पण तिचे तुकडे व्हायला १९७० उजाडलं, तेही संगणकाच्या साहाय्याने, मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांच्या हातून. आठवी १९८० मध्ये, नववी १९९० मध्ये फुटली.

विसावी आणि चोविसावी फर्मा संख्या मूळ नाहीत हे पेपाँच्या कसोटीने सिद्ध झालेलं आहे. चोविसावीत पन्नास लाखांहून जास्त अंक आहेत आणि तिचा निकाल १९९९ मध्ये लागला. या दोघींचा एकही विभाजक आजवर कोणाला सापडलेला नाही. पाचवीपासून बत्तिसावीपर्यंतच्या सगळ्या संयुक्त आहेत. ६५५३७ नंतर आजवर एकही मूळ फर्मा संख्या मिळालेली नाही. तशी एखादी असेल का, हे कोणी सिद्ध केलेलं नाही आणि खोडूनही काढलेलं नाही. पहिल्या पाचांच्या भरवशावर फर्मा बोलला आणि रांग नेमकी तिथेच उलटली. मोजक्या उदाहरणांवरून नियम बांधण्याचा मोह मला कुठेही झाला की आता हीच रांग आठवते.

तेहतिसावीबद्दल प्रश्न अजून खुला आहे. तिच्यात अडीच अब्जांहून अधिक अंक आहेत. पेपाँची कसोटी लावायची तर एवढ्या लांब संख्यांचे साडेआठ अब्जांहून जास्त वर्ग करावे लागतील. म्हणून सध्या ऑयलर आणि ल्युकाचीच वाट: विभाजक असलाच तर तो २ च्या ३५ व्या घाताच्या, म्हणजे ३४३५९७३८३६८ च्या, पाढ्याहून एकने मोठा असणार. आणि एकेक उमेदवार तपासायला ते अडीच अब्ज अंक लिहावे लागत नाहीत. ६४१ साठी पाच वर्ग केले, तसे इथे ३३ करायचे. पहिले पाच उमेदवार तर वर्ग करण्याआधीच गळतात, कारण ते स्वतःच मूळ नाहीत: त्यांना अनुक्रमे ३, १७, ५, ३ आणि ७ ने भाग जातो. सहावा, २०६१५८४३०२०९, खरोखर मूळ आहे. त्याच्यासाठी ३३ वर्ग पूर्ण करावे लागतात, आणि शेवटची बाकी उणे १ येत नाही. सातव्याला ३ ने भाग जातो. आठव्यापासून पुढे हेच काम संगणकांवर चालू आहे.